चार भोकांची स्टेपनी

दादा, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी आता मोजत नाही. पण परवा असं घडलं की कुणाला तरी सांगावंसं वाटतंय, आणि घरात ऐकणारं कुणी उरलं नाही. सगळ्यांनी दोन-दोनदा ऐकलं. आता मी तोंड उघडलं की सून दूध तापवायला उठते. म्हणून तुम्हाला लिहिते. माझी शाळा दुसरीपर्यंतच, काना-मात्रा इकडं तिकडं झाला तर सांभाळून घ्या. तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं!

तुमची पणती, म्हणजे माझ्या थोरल्याची पोरगी, मोटारी दुरुस्त करते. आयटीआय केलं, नगरला गॅरेजात काम केलं, आणि यंदा घरी येऊन म्हणाली, रस्त्याकडेचं शेड मला द्या, माझं गॅरेज टाकते. थोरल्याच्या मनात ते शेड खताच्या दुकानाला भाड्यानं द्यायचं. तो म्हणाला, "आधी घरची गाडी नीट कर, मंग लोकांच्या खोल." घरची गाडी म्हणजे तुमच्या जावयानं हौसेनं घेतलेली. ते गेले, गाडी राहिली. तिचं एकच दुखणं, माणसं भरून उतारावर गेलं की ब्रेक तापायचे आणि पायाखालचं पायडल खाली खाली जायचं.

पोरीनं ठरवलं, मोठ्या गाडीचे ब्रेक हिला बसवायचे. पण मोठ्या ब्रेकला मोठं हब लागतं. हब म्हणजे दादा, आपल्या बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, ज्यात आरे बसतात तो. मोटारीत त्याच्यावर चाक नटांनी आवळतात. आमच्या गाडीला चार नट, आणि तिनं नगरच्या भंगारातून आणलेल्या हबांना पाच. मी म्हणलं, "एवढं खोलतीस कशाला, एक भोक वाढव की!" तर म्हणते कशी, "आज्जे, भाकरीचे चार सारखे तुकडे केलेस, तर त्याच भाकरीचे परत पाच सारखे करून दाखव." खरंच होत नाही.

मग शेडात गाडी ठोकळ्यांवर चढली. मी तिथंच बसायचे, शेंगा फोडत. वाटायचं आपल्या अंगणातच बसलेय. तुम्ही शेणीच्या जाळात चाकाची लोखंडी धाव तापवताय, ती लाल होते, लाकडी चाकावर चढवता आणि आई वरून पाणी ओतते. चुर्रर्र आवाज होतो आणि सगळं अंगण वाफेनं भरतं. एकदा मी त्या नव्या चाकावर ऐसपैस बसले होते, तर तुम्ही केवढ्यानं ओरडलात! "उठ! लोकांचा जीव बसतो त्याच्यावर, तुझं ढुंगण न्हाई!" आई पदर तोंडाला लावून हसत होती. आठवतंय का? मला अजून त्या जागी बसल्यागत लाज वाटते. पुढं बाभळीचा एक चिरलेला तुंबा तासून मला बसायला दिलात, सासरी येताना तोही बरोबर बांधलात. सासूबाई म्हणाल्या, सुताराची लेक ओंडका घेऊन आली.

असो. कुठं होते मी? हां, ब्रेक. जुनी हबं निघाली, नवी बसली, ताटाएवढ्या डिस्क लागल्या, मागचंही सगळं बदललं. पाच भोकांची चार चाकंही तिनं आणली. मग ब्रेकच्या नळीतली हवा काढायची राहिली. त्याला दोन माणसं लागतात, एक खाली, एक पायडलवर. थोरला घरात असून येईना. म्हणून मी लुगडं सावरून ड्रायव्हरच्या जागेवर चढले. ती गाडीखालून ओरडायची, "आज्जे दाब... धर... सोड!" मी अनवाणी पायानं दाबायचे. आधी पाय लोण्यात गेल्यासारखा जायचा, मग हळूहळू खाली दगड लागावा तसं घट्ट झालं. दादा, मला इतकं हसू येत होतं! या वयात मला कुणी नवं काम शिकवलं.

थोरला संध्याकाळी येऊन बघून गेला. "चांगली चार नटाची गाडी हुती. पाच करून काय इमान उडवायचंय?"

"पप्पा, बसून तर बघा."

"मी न्हाई बसत. तूच भंडारदऱ्याला जा, घाट उतर, आन गाडी सवताच्या चाकावर घरी आन. दोरी लावून आनलीस तर शेड खतवाल्याला, आन तू गुमान बँकेच्या परीक्षेला बसायचं."

"कबूल," म्हणाली. तुमच्यासारखीच, मागचापुढचा विचार नाही.

गाडी भरलेली पाहिजे, तरच ब्रेकचं कळणार. म्हणून मागं ज्वारीची दोन पोती टाकली आणि पुढं मी. सून म्हणाली, "आत्याबाई, तुमी कशाला?" मी म्हणलं, "वजन पायजे ना? मंग मी हाय की."

राजूरच्या अलीकडं घाट आहे. जाताना चढलो, धरणावर चहा घेतला, आणि येताना खरी परीक्षा. वळणावर वळण, पुढं एक ट्रक रांगत चाललेला. पोरगी दाबते, गाडी थांबते. पुन्हा दाबते, पुन्हा थांबते. खाली आल्यावर ती उतरली, एकेका चाकाजवळ तळहात नेऊन बघितला, वास घेतला आणि म्हणाली, "चारी सारखी गरम हायत आज्जे. जळल्याचा वास न्हाई." मी म्हणलं, जिंकलीस बाई.

तोंडातून शब्द गेला आणि अकोल्याच्या पुढं मागचं चाक बसलं. पंक्चर. पोरगी हसतच उतरली, पंक्चर म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. पोती ओढून बाजूला केली, खालून स्टेपनी काढली, जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी उचलून धरली आणि तशीच उभी राहिली. मी विचारलं, काय झालं गं? तिनं स्टेपनी माझ्याकडं वळवली. चार भोकं. सगळी गाडी पाचाची केली, आणि जिच्यावर पोती रचली ती तशीच राहिलेली!

ती रस्त्याकडेलाच बसली. डोळे भरून आले. "आता दोरीच," म्हणाली. आणि मला हसू फुटलं, दादा, तुमच्यामुळं. कारखान्यासाठी टायरगाड्या निघाल्या आणि लाकडी चाकांचं काम गेलं, तेव्हा तुम्ही भंगारातले आस आणून गाड्या बांधायला लागलात ना? पहिल्याच गाडीला एका बाजूला पाच नटांचं चाक आणि दुसऱ्या बाजूला सहाचं! उसाच्या रांगेत टायर गेला आणि कुणाचंच चाक बसेना. तुम्ही ते चाक डोक्यावर घेऊन घरी आलात, तोंडावर सगळी माती. मी ते पोरीला सांगितलं. "मंग पनजोबांनी काय केलं?" "काय करत्यात? पंक्चर काढली, चाक परत डोक्यावर घेतलं आन गेले." तिनं नाक पुसलं, टोमॅटोच्या पिकअपला हात केला, आणि पाच भोकांचं पंक्चर झालेलं चाक घेऊन अकोल्याला गेली. मी तीन चाकांच्या गाडीजवळ राखणीला.

तेवढ्यात थोरल्याचा फोन. "कुठं हाय?"

"रस्त्याला. पंक्चर झाली."

"मंग स्टेपनी लावा की."

"बसत न्हाई. तिला चारच भोकं हायत."

तिकडं तो खो खो हसला. हसून झाल्यावर म्हणाला, "मी जीप घेऊन येतो."

"येऊ नको," मी म्हणलं. "घाटात ब्रेक लागले. पंक्चर राजाच्या गाडीलाबी हुती. तू दोरी घेऊन आलास तर पोरगी हरंल, आन तुला घरात तोंड लपवायला जागा मिळायची न्हाई." त्यानं फोन ठेवला, आणि आला नाही.

पोरगी चाक घेऊन परत आली. नट एकाआड एक आवळले, आणि दिवस मावळायच्या आत आम्ही आमच्याच चाकांवर अंगणात. थोरला दारात उभा. गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या टायरला बुटानं हळूच टोचलं आणि पोरीला म्हणाला, "पाटीवर नाव काय टाकायचं ते ठरीव. आन आधी ती स्टेपनी बदल, गिऱ्हाईक हसंल." खतवाल्याला त्यानं त्याच रात्री नाही म्हणून कळवलं.

आता हा कागद कुठं टाकू? तुमच्या गावाला पोस्टमन जात नाही. राहू दे इथंच. पण एक सांगते, पोरीला सांगू नका. घाटात ब्रेक लागतीलच, असं मी सगळ्यांना छातीठोक सांगत होते खरं, पण त्या दिवशी पहाटे मी भाकरी दोन दिवसांच्या बांधल्या होत्या, आणि पिशवीत गोधडी घातली होती. पोरीला वाटलं, आजीला थंडी वाजते. मला वाटत होतं, मुक्काम तिकडंच पडणार. उरलेल्या भाकरी दुसऱ्या दिवशी कुणी उठायच्या आत म्हशीला घातल्या.