चिरेखाणीतल्या माशांची चौकशी

पावस,
दि. २० एप्रिल

चि. स्वरूप यास हरीमामाचे अनेक आशीर्वाद.

तू खुशाल असशील, अंगात दोन स्वेटर असतील आणि नॉर्वेच्या त्या गारठलेल्या खाडीतले तुझे सॅल्मन मासेही धडधाकट असतील, असं धरून लिहायला बसलो आहे. (थंडीत त्यांच्या अंगावर जखमा उठतात, असं मागे म्हणाला होतास. भरल्या का?) मामी बरी आहे. माझा गुडघा आहे तसाच आहे. तू म्हणशील, खिशात फोन असताना मामा कागद का खराब करतोय? तर फोनवर माझा विश्वास उरलेला नाही. त्याचं कारण तुला ठाऊक आहे, पण अर्धंच, आणि तेही तुझ्या आईच्या बाजूचं. म्हणून मुळापासून सांगतो.

कातळावरच्या आपल्या जुन्या चिरेखाणीत मी चिलापी सोडलेली तू गणपतीत पाहिलीस. चिरे काढून झाले, खड्डा राहिला, पावसाने भरला, त्यात मासे. तेव्हा खाणीच्या काठावर बसून तू मला सांगितलंस, की तुमच्याकडे रोग होऊ नये म्हणून प्रत्येक सॅल्मनला लहानपणीच पोटात सुई टोचतात. मी बत्तीस वर्षं एसटीत तिकीट तपासनीस होतो. खोटा पास दारातून ओळखायचो. लाखो माशांना एकेक करून सुई? मी तोंडावर हसलो, आणि तू गेल्यावर मामीला म्हटलं, पोराला तिकडे नेमकं काय काम देतात त्याची चौकशी करायला हवी.

तर पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी खाद्य टाकायला गेलो, तो तीन मासे एकाच जागी गरागरा फिरताना दिसले. डोळे बाहेर आलेले, जसं कुणी त्यांना भलतंच काही ऐकवलंय. दुसऱ्या दिवशी सात मेलेले. चौथ्या दिवशी चाळीस. मासा असा उगाच गरगरत नाही, त्याला कुणीतरी गरगरायला लावलेलं असतं, हे मी जागच्या जागी ठरवलं. आणि कुणी, हे ठरवायला मान फक्त डावीकडे वळवावी लागली. मधल्या दगडी गडग्यापलीकडे तुझ्या वडिलांची हापूसची बाग. त्याच आठवड्यात त्यांनी शेवटची फवारणी केली. वारा माझ्या बाजूचा. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, चारच दिवस आधी भावोजी गडग्याशी थांबून म्हणाले होते, "हरी, मासे बरे वाढलेत हो तुझे." स्वरूप, तीस वर्षांत या माणसाने माझ्या कुठल्याही गोष्टीला बरं म्हटलेलं नाही. (माझ्या लग्नातल्या जेवणालासुद्धा नाही. आमटी पातळ होती म्हणाले.) मग आत्ताच का?

मी रीतसर तपास सुरू केला. गडग्यापाशी पडलेली औषधाची रिकामी बाटली पिशवीत घालून वर तारीख लिहिली. दोन दिवस जांभळीच्या आडून नोंदी ठेवल्या. वही अजून आहे. "९.१० भावोजी बागेत. ९.२५ भावोजी खोकले. ९.४० भावोजींनी खाणीकडे पाहिलं." एवढा पुरावा जमल्यावर मी मुंबईला आमच्या चिरंजीवांना, संदेशला, चार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला, की मासे मारणारा माणूस बाहेरचा नाही, घरातलाच आहे, आणि त्याचं नाव राव या अक्षरांनी सुरू होतं. तो निरोप संदेशला न जाता 'आपला गोतावळा' या ग्रुपवर कसा गेला, ते मला आजही कळलेलं नाही. (फोनचाही मला संशय आहे.) एकेचाळीस माणसांनी ऐकला. त्यात तूही होतास. तुझ्या आईने उत्तर द्यायला फोन घेतला नाही, गडग्यावरूनच दिलं.

"मेल्या हऱ्या! तुडतुडे सोडून आयुष्यात कुणाला मारलं नाही त्यांनी! परत माझ्या खळ्यात पाऊल टाकलंस तर बघ!"

त्यानंतर बोलणं बंद. भावोजी तर आधीपासूनच फारसं बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचं नेमकं कधी बंद झालं ते सांगता येणार नाही.

इकडे मासे मरतच होते. आठव्या दिवशी दीडशे एकदम तरंगले आणि वास वाडीभर गेला. मी काठावर डोक्याला हात लावून बसलो होतो, तर भावोजी गडगा ओलांडून आले. एका खांद्यावर फावडं, दुसऱ्यावर चुन्याची गोण. मातीची जागा बघून खड्डा काढला आणि मेलेले मासे हातांनी उचलून, मधे मधे चुना टाकत पुरू लागले. खरं सांगतो, तुझ्यापासून काय लपवायचं. माझ्या मनात आलं, हा पुरावा पुरायला आलाय. मी हात न लावता नुसता मोजत उभा राहिलो. शंभराच्या आसपास त्यांच्या तळव्यात माशाचा काटा घुसला. त्यांनी तो उपटला, हात लेंग्याला पुसला आणि पुन्हा वाकले.

दुसऱ्या दिवशी मी रत्नागिरीला माशांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत गेलो, हेतू एकच, विषाचा दाखला मिळवायचा. डब्यात मेलेला मासा नेला होता. तिथल्या योगिनी मॅडम, तुझ्याच वयाच्या, म्हणाल्या की मेलेला चालत नाही, आजारी पण जिवंत हवा. परत पावस. मग बालदीत दोन जिवंत मासे आणि पुन्हा एसटी. पूर्वी ज्या गाडीत मी चढलो की माणसं खिसे चाचपायची, त्याच गाडीत मी बालदी धरून उभा, आणि बालदीत मासे गरागरा फिरतायत. "शिकवलेत का हो?" एका बाईने विचारलं. कंडक्टरने बालदीचं अर्धं तिकीट फाडलं. मी वाद घातला नाही, इतका खचलो होतो.

मॅडमनी मासा कापून त्याच्या मेंदूतलं आणि मूत्रपिंडातलं थोडं थोडं काचेच्या बशीत लावलं आणि तिसऱ्या दिवशी बोलावलं. गेलो, तर बशीवर दव पडल्यासारखे बारीक ठिपके. सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. मण्यांच्या माळेसारखे जीव. जीवाणू आहेत, म्हणाल्या, ते माशाच्या मेंदूत शिरतात म्हणून तो गरगरतो. विष नाही. मी औषधाची बाटली टेबलावर ठेवली. त्यांनी ती न उघडता बाजूला सारली आणि मला प्रश्न विचारायला लागल्या. मासे किती? दीड हजार, म्हटलं. रोज खाद्य किती? ते सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, "काका, मासे तीन हजार आहेत." (खरंच तीन हजार होते. अशी बाई आमच्या खात्यात हवी होती.) एवढी दाटी, पाणी आटलेलं आणि तापलेलं, रोगाला याहून काय हवं. पण तो आला कुठून? गेल्या महिन्याभरात बाहेरून मासे आणलेत का?

इथे मी टेबलावरची बाटली परत पिशवीत घातली. पालीच्या आप्पाने होळीला मला दोनशे मासे फुकट दिले होते. त्यांतले काही तेव्हाच गोल फिरत होते. मी आप्पाला म्हटलं होतं, केवढे खुशीत आहेत रे! बत्तीस वर्षं मी ज्याच्या-त्याच्यावर संशय घेतला, आणि जिथे घ्यायचा तिथे बालदी पुढे केली.

मॅडमनी औषध दिलं, खाद्य निम्मं करा, मेलेले लगेच काढा, जाळं कुणाला देऊ नका म्हणाल्या, आणि मी उठताना त्यांनी सहज विचारलं, "मासे हाताळताना कुणाला काटा वगैरे नाही ना लागला? माणसालाही कधी कधी जखमेतून बाधू शकतं."

स्वरूप, आता घाबरू नकोस, सगळं नीट झालेलं आहे. मी रिक्षा करून तुझ्या आईच्या खळ्यात पाऊल टाकलं. भावोजी पडवीत पडले होते, ताप चढलेला, हात कोपरापर्यंत सुजलेला, वर हळदीचा लेप. चार दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. का, असं ताई विचारत होती, तर म्हणाले, "हरी म्हणेल, नाटक करतोय."

त्याच रिक्षातून रत्नागिरीला नेलं. पाच दिवस दवाखान्यात होते. आणखी उशीर झाला असता तर हात कठीण होता, असं डॉक्टर म्हणाले. तुला कळवायचं नाही अशी ताईची ताकीद होती, ती मी आत्ता मोडली. पाचही दिवस मी खाटेजवळ बसून होतो. रोज ठरवायचो, आज बोलायचं. चौथ्या दिवशी तेच बोलले.

"मासे किती राहिले?"

"नऊशे."

"बरं झालं. जरा मोकळे फिरतील."

एवढंच. आता घरी आहेत, सूज उतरली आहे. मासे मरायचे थांबले आहेत. तुझ्या सुईवर हसलो ते मागे घेतो. आमच्या चिलापीलाही कसली लस मिळते का, तेवढं तिकडे विचारून ठेव. प्रकृतीला जप.

तुझा,
हरीमामा

ता. क. लसीचं राहू दे. तुला लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. मी चुकलो, हे मला भावोजींसमोर म्हणता येत नाही. चार वेळा गडग्यापर्यंत गेलो आणि पाऊस कधी पडेल असं विचारून परत आलो. तू त्यांना फोन करून माझ्या वतीने सांग. मी हात जोडून म्हटलं, असं सांग.

ता. क. २. पत्र टाकायला निघालो, तर भावोजी थांब्यावर भेटले. "कुणाला?" "स्वरूपला." "दे, मी रत्नागिरीलाच चाललोय, टाकतो." मी दिलं नाही. फोडून वाचतील असा संशय आला. घरी येऊन चहा घेताना लक्षात आलं, की वाचलं तर काय बिघडलं! म्हणून उद्या ते पुन्हा पट्टी बदलायला जातील, तेव्हा हे पाकीट डिंक न लावता त्यांच्याच हाती देणार आहे. भावोजी, इथवर आला असाल, तर आता ते नीट चिकटवा आणि येताना चहाला या. ताईलाही आणा. हात मात्र अजून पाण्यात घालू नका.