धक्क्याखालचा ओंडका

२ एप्रिल
पाटीचा खरा खर्च काढला. पेंटरचे दोन दिवस, पिवळ्या रंगाचा एक डबा, दोन लोखंडी खांब आणि तीन खोल्या. सकाळी नऊला पाटी लागली: 'सावधान! तलावात मगर आहे.' अकराला खोली दोन, पाच आणि सहाचे पाहुणे बॅगा घेऊन काउंटरला हजर. दोन नंबरच्या बाई म्हणाल्या, आम्ही इथे विश्रांतीला आलो होतो. मी म्हटलं, मगरसुद्धा विश्रांतीलाच असते, दिवसभर पडून असते बिचारी. बाईंनी हसायला हवं होतं.
दुपारी पाटी उतरवली. पाटी लावा, असं वनखात्याच्या साहेबांनी सांगितलं होतं. किती वेळ, ते सांगितलं नव्हतं.

३ एप्रिल
नवा मजकूर रात्रभर डोक्यात घोळवला. 'पाण्याजवळ जाताना आजूबाजूला पाहावे. निसर्गाचा आदर करावा.' हिरव्या रंगात, कोपऱ्यात फुलपाखरू. हिला दाखवला. ही म्हणाली, अहो, हे वाचून माणूस फार तर फुलं तोडायचा थांबेल, पाण्यात उतरायचा कशाला थांबेल? बायकांना जाहिरातीतलं कळत नाही.
फुलपाखरू छान आलंय.

५ एप्रिल, संध्याकाळ
लेकीचा फोन. नातीला घेऊन येते म्हणाली, अठराला, आठ दिवस. चार वर्षांनी! नात सहा वर्षांची झाली. फोनवर आली ती थेट मुद्द्यावर: आजोबा, मला पोहायला शिकवाल? शब्द दिला. तिच्या आईला याच धक्क्यावरून मी शिकवलं. वीस वर्षांपूर्वी इथे चिखल आणि डास याशिवाय काही नव्हतं. हातगाडीवर सरबत विकणाऱ्या माणसाने बारा खोल्या उभ्या केल्या त्या या पाण्याच्या जिवावर. पाणी म्हणजे माझं अंगण.
मग लेक म्हणाली, बाबा, पाण्यात काही नाही ना? तसं असेल तर आत्ताच सांगा, मी तिकीट काढत नाही. मी म्हटलं, अगं, काही नाही, लिहून देतो. ती म्हणाली, लिहून नको, खरं सांगा. आईवर गेलीय.

७ एप्रिल
नावाडी सकाळीच येऊन उभा. हा माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे, त्यामुळे स्वतःला अर्धा मालक समजतो. म्हणाला, मालक, स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं धक्क्यावरून टाकायचं बंद करा. कोंबडीची आतडी, माशांची डोकी रोज सातच्या ठोक्याला पडतात. ती त्याच वेळेला येते. तुम्ही तिला खानावळ लावून दिलीय.
त्याला समजावलं. उरलंसुरलं टाकल्यामुळे मासे जमतात, मासे बघायला पाहुणे जमतात, आणि कचऱ्याची गाडी लागत नाही. एका दगडात तीन पक्षी. तो म्हणाला, चौथा पक्षी पाण्याखाली आहे. कामाच्या माणसांशी वाद घालू नये.
संकल्प: उरलंसुरलं कमी करायचं. म्हणजे आचाऱ्याला अंदाज घेऊन रांधायला सांगायचं.

८ एप्रिल
आचाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, पाहुणे किती जेवतील हे मला कसं कळणार, मी ज्योतिषी आहे का? रास्त आहे. टाकणं चालू.

९ एप्रिल
खोली सातमध्ये वकीलबाई आल्या आहेत. पांढरे केस, चष्मा दोरीला. रजिस्टरवर सही करताना छापलेली ओळ मोठ्याने वाचली: 'वन्यप्राण्यांपासून इजा झाल्यास जबाबदारी पाहुण्यांची राहील.' विचारलं, हे कोणी लिहिलं? मी म्हटलं, मीच. हसल्या. चांगलं हसल्या म्हणजे.
चहाला बोलावलं, फुकटचा सल्ला मिळत असेल तर चहा माझा. म्हणाल्या, सही माझी असली तरी धक्का तुमचा, त्याखालचं पाणी तुमच्या हद्दीतलं, आणि मला तिथे 'या, बसा' म्हणणारी खुर्चीही तुमचीच. काही झालं तर एकच प्रश्न विचारतील: मालकाला माहीत होतं का? माहीत असून सांगितलं नसेल तर ही ओळ गुंडाळून ठेवा.
फार उपयोगी बाई. म्हणजे सगळं 'माहीत होतं का' यावर आहे.
संकल्प: माहीत करून घ्यायचं नाही. आजपासून या वहीतसुद्धा तो शब्द लिहायचा नाही. तलावात झाडं पडतात, ओंडके तरंगतात. ओंडका लिहायचं.

१० एप्रिल, सकाळी ७
ओंडका धक्क्यापासून वीस हातांवर. वाऱ्याच्या उलट दिशेने तरंगत होता.

११ एप्रिल
ओंडका समोरच्या काठावर उन्हात. ओंडक्याने जांभई दिली. खोली नऊच्या साहेबांनी फोटो काढला. खिडकीखालून जाताना ऐकलं (माझे कान पहिल्यापासून तिखट, धंदा त्यांच्यावरच चालतो). साहेब बायकोला म्हणत होते, मालकाला सांगायला हवं. बायको म्हणाली, त्याला काय, त्यानेच पाळली असेल.
मनाला लागलं.

१२ एप्रिल
ठरलं. जाळी! इतकी साधी गोष्ट वनखात्याला, वकीलबाईंना, नावाड्याला, कोणालाच सुचली नाही. धक्क्याच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी जाळी, तळापर्यंत, पुढे चौकोन बंद करून. आत पाहुणे पोहतील, बाहेर ओंडके तरंगतील. धोका बाहेर ठेवायचा की पाहुण्याला आत ठेवायचं, हा प्रश्नच मिटला. नातीसाठी तर हा राजमहालातला हौद होईल.
हिला सांगितलं. ही म्हणाली, चांगलं आहे. वीस वर्षांत पहिल्यांदा. तारीख मुद्दाम अधोरेखित करतो.

१४ एप्रिल
जाळी बसली. मी स्वतः उभा राहून बसवून घेतली, भर दुपारी, डोक्याला रुमाल बांधून. जाळीवाल्याची दोन माणसं, दोन तासांत काम. नावाडी भाचीच्या लग्नाला गेलाय, सोळाला येईल. बरंच झालं, नाहीतर प्रत्येक खांबाला त्याचं एक मत. शेवटचा खांब ठोकताना जाळीवाला म्हणाला, साहेब, आत काही राहिलं नाही ना? मी म्हटलं, काय राहणार, माझी काठी इथे आहे, चप्पल पायात आहे. तो म्हणाला, धक्क्याखाली अंधार आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, बाबा रे, धक्का माझा, अंधारही माझाच.
वकीलबाई निघाल्या. जाळी दाखवली. म्हणाल्या, आता पाटीही लावा. फुलपाखराच्या पाटीकडे बोट केलं. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि काढून ठेवला.

१५ एप्रिल
दिवसभर दुर्बीण घेऊन गच्चीवर. अख्ख्या तलावात ओंडका नाही. एक नाही! जाळीची दहशत बसली. वनखात्याच्या साहेबांना पत्र टाकलं: 'सर्व खबरदारी घेतली असून रिसॉर्टच्या हद्दीत एकही धोकादायक प्राणी नाही.' खाली सही, शिक्का. शिक्का दोनदा मारला.
धक्क्यावरून उरलंसुरलं टाकणं चालू. आता ते जाळीच्या आत पडतं. क्षणात गायब होतं. मासे फार खूश दिसतात. दिसत नाहीत, पण खूश असावेत.

१६ एप्रिल
आमची तीन बदकं जाळीच्या आत पोहायला सोडली होती, शोभेला. दोनच राहिली. पंख छाटलेलं बदकसुद्धा मनात आणलं तर उडू शकतं, हे यावरून कळलं. प्राण्यांबद्दल माणसाला किती कमी माहिती असते.

संध्याकाळ
एकच राहिलं. ते काठावर चढून बसलंय आणि पाण्याकडे बघत नाही.
नावाडी परतला. जाळीभोवती एक चक्कर मारली, तिसऱ्या बदकाकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाला, मालक, जाळी लावायच्या आधी धक्क्याखाली बांबू फिरवला होता का? मी म्हटलं, कशाला? तो म्हणाला, दुपारी ती कुठे असते? मी म्हटलं, कोण ती? वहीतली शिस्त तोंडातही बाणवली पाहिजे. तो म्हणाला, बरं, ओंडका. ओंडका दुपारी सावलीला कुठे असतो? मी म्हटलं, उद्या बघू.

१७ एप्रिल
नावाडी सकाळी बांबू घेऊन आला. पण खोल्यांच्या चादरी आणायच्या होत्या, नातीची छोटी खाट आणायची होती, गाडी तोच चालवतो. त्याला बाजारात पाठवलं. परत आल्यावर म्हणाला, आता उजेड नाही, उद्या पहिलं काम हेच. उद्या स्टेशनवर सकाळची गाडी आहे, आणायला जाशील तू, असं सांगितलं. त्याने बांबू धक्क्याला टेकवून ठेवला. नुसता बघत राहिला माझ्याकडे. मला थकल्यासारखं झालं. वीस वर्षं हा माणूस असा बघतोय.
झोप नाही. जाळी भक्कम आहे.

१८ एप्रिल
आली! नात आईपेक्षा गोरी, माझ्यापेक्षा हट्टी. लाल रंगाचा पोहण्याचा पोशाख प्रवासातच घालून आली होती. जेवण झाल्याशिवाय पाणी नाही, असं ही म्हणाली. देव तिचं भलं करो.
लेकीला जाळी दाखवली. तिने हाताने हलवून पाहिली. म्हणाली, बाबा, तुम्ही हे खरंच केलंत. डोळे भरून आल्यासारखे वाटले. तिचे की माझे, ते नक्की नाही.
दुपारी चारला धक्क्यावर.

१९ एप्रिल
काल पुढचं लिहिलं नाही. आज लिहितो.
चारला सगळे धक्क्यावर. नात शिडीच्या दुसऱ्या पायरीवर, पावलं पाण्यात. मी धक्क्यावर उभा राहून श्वास कसा घ्यायचा ते सांगत होतो. नावाडी बांबू घेऊन धक्क्याच्या कडेला पालथा पडला होता. मी त्याला म्हटलं, अरे, पोरीला घाबरवू नकोस. तेवढ्यात नात म्हणाली, आजोबा, ते लाकूड माझ्याकडे बघतंय.
खूप शांतपणे म्हणाली. मी म्हणणार होतो, अगं, तो ओंडका आहे. म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.
नावाड्याने बांबू टाकला आणि तिला दंडाला धरून वर खेचलं, दप्तर उचलतात तसं. पाणी फुटलं. जबडा शिडीच्या दुसऱ्या पायरीवर मिटला. लाकडाच्या पायरीचा तुकडा पडला. आवाज अजून कानात आहे. माझे कान तिखट आहेत, हे आधी लिहिलंच आहे.
मी मागे सरकलो. मागे धक्का संपतो. मी पलीकडे, जाळीच्या बाहेर, पाण्यात पडलो आणि ओरडलो. लेकीने कॉलर धरून ओढलं. पाणी छातीइतकं होतं, असं नावाडी म्हणाला. मला जास्त वाटलं.
नावाड्याच्या तळहाताला शिडीची फळी लागून सात टाके. नातीच्या दंडावर त्याच्या बोटांचे चार वळ. बाकी काही नाही.
'बाकी काही नाही' हे तीनदा लिहून पाहिलं.

१९ एप्रिल, संध्याकाळ
वनखात्याच्या माणसांनी येऊन मगर पकडली, गाडीत घातली. चौदा तारखेपासून ती जाळीच्या आत होती. मीच कोंडली. दहा फूट चार इंच. साहेबांनी माझं पत्र खिशातून काढलं, वाचून दाखवलं नाही, नुसतं घडी करून परत ठेवलं.
लेक कॉटवर बसली होती, नात तिच्या मांडीवर झोपलेली. विचारलं, बाबा, तुम्हाला माहीत होतं? वकीलबाईंच्याच आवाजात विचारलं असं वाटलं. मी ओंडक्याचं सांगायला लागलो. मग थांबलो. माहीत होतं, म्हटलं. पहिल्या पाटीच्याही आधीपासून.
ती म्हणाली, मग आम्हाला बोलावलंत कशाला?
याला उत्तर आहे. पण ते 'तुम्ही यावं म्हणून' एवढंच आहे, आणि ते तोंडातून निघालं नाही.

२० एप्रिल
पिवळी पाटी परत लावली. नावाड्याने एका हाताने खांब धरला. उरलंसुरलं बंद, कचऱ्याची गाडी सोमवारपासून. एक खोली रिकामी झाली, दोन टिकल्या. नऊ नंबरच्या बाई पाटी वाचून नवऱ्याला म्हणाल्या, बघ, सांगितलं त्याने. खिडकीखालून नाही ऐकलं, समोरासमोर ऐकलं.
नावाड्याला म्हटलं, चूक झाली. तो म्हणाला, कोणती, मालक? यादी मोठी आहे. मग हसला. हाताला पट्टी असली की हसणं जरा कमी येतं.

२१ एप्रिल
लेक बॅग भरत होती. नात हलायला तयार नाही. तिला पोहायचंच आहे. म्हणते, मगर तर गेली. लेक म्हणाली, या तलावात नाही, या जन्मात नाही. गावात नगरपालिकेचा तरणतलाव आहे, तिथे नवशिक्यांचा वर्ग आहे, सकाळी आठ. ठीक आहे, मी नेतो, म्हटलं. तुझ्या आईला शिकवलं, तुलाही शिकवीन.
लेकीने बॅगेची चेन ओढायची थांबवली. म्हणाली, बाबा, मला नावाडीकाकांनी शिकवलं. तुम्ही धक्क्यावर टॉवेल घेऊन उभे होतात. रोज. कोरडे.
नात म्हणाली, म्हणून त्या दिवशी ओरडलात?
बॅग अर्धी उघडीच आहे. आठ दिवस पुरे होतील असं दिसतंय.

२२ एप्रिल, सकाळी ८
तरणतलाव. फिनेलचा वास, हिरव्या फरशा, शिट्टीवाल्या बाई. नातीचा फॉर्म लेकीने भरला. मग बाईंनी दुसरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. नातीने मागितला होता, दोन जागा शिल्लक होत्या. नाव, वय, पत्ता लिहिला. चौथा रकाना: पोहता येते का?
लिहिलं: नाही.