शिपायाचा पट्टा

केडगाव, मंगळवार, संध्याकाळ

संगमनेरच्या कॉलेजात नोकरी लागलीये, सोमवारपासून तिथंच राहावं लागेल, हे आज सासऱ्यांना सांगायचंच म्हणून खोलीत गेले. अण्णांसमोर पहिल्या महायुद्धातल्या शिपायाची बोटभर उंचीची शिशाची प्रतिकृती. खाकी सदरा, पिंडऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या. कमरेचा पट्टा तेवढा रंगवायचा राहिलेला. त्यांचा हात थरथरत होता. ब्रश माझ्याकडे दिला.

"सूनबाई, तूच कर. मला आता जमत न्हाई."

श्वास रोखून पट्टा रंगवला, बक्कलावर पिवळा ठिपका दिला. तेव्हाच का नाही बोलले? पट्टा वाळेपर्यंत तरी बोलायचं...

भिंगातून बघता बघता त्यांचे डोळे भरले. लगेच हे शिशाचे शिपाई पाठवणाऱ्या मित्राला फोन लावला, "राहिलेलं घोडदळ पाठवून दे. रंगवणारं माणूस आता घरातच हाय."

मी नुसती हसले.