रवीच्या बंदुकीच्या अर्जावर आईची सही

पिंपळदरी, ता. घाटंजी
२० जुलै २००४

चि. उर्वशीस आजीचा सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

तुहं पत्र पोचलं. अमेरिकेचं पत्र आलं म्हणून पोस्टमन रस्त्यातूनच वरडत आला, त्यामुळं अर्ध्या गावाले माह्या आधी मालूम झालं. पत्र मीच वाचलं, तुह्या रवीमामाच्या हाती देलं नाही. तुह्या आजोबानं फौजेतून सुट्टीवर येऊन मले अक्षरं शिकवली ते याच्याचसाठी, की घरची गोष्ट दुसऱ्यानं वाचू नये. माहं अक्षर कोंबडी चालल्यासारखं आहे, समजून घेजो.

तू इचारलं, आपल्याकडे बंदूक घ्यायची तर काय काय करा लागते. पोरी, आजवर मले कोणी काई इचारलं नाही, जेवण झालं काय एवढंच इचारते. अन् तू तुह्या कॉलेजच्या अभ्यासाच्या पुस्तकात टाकाले इचारून राह्यली. लय आनंद झाला. नाव टाकशीन तर पुरं टाकजो, नलूबाई पंजाबराव मुनेश्वर. नुसतं नलू टाकलं तर वरच्या आळीची नलू म्हणीन ते मीच.

तर ऐक. बंदूक तुह्या आजोबाची, एका नळीची. डुकरापासून पीक राखाले परवाना भेटला होता. तीस वर्षांत त्यानं हवेतच वाजवली. एक डाव गोठ्याचं टिन फुटलं, ते वाऱ्यानं फुटलं असं तो अखेरपर्यंत सांगत होता. मागच्या दिवाळीत तो गेला, तवापासून बंदूक ठाण्यात जमा आहे. आता रवीमामानं परवाना आपल्या नावावर कराले अर्ज केला. बापाची आहे म्हणून पोराले आपसूक देत नाही. यवतमाळले कागद जाते, मग ठाण्याचा जमादार गावात येऊन चालचलणूक इचारते, शेजाऱ्याचा जबाब घेते, अन् घरच्या साऱ्या वारसांनी हरकत नाही म्हणून सही द्या लागते. तुह्या आईनं बाभुळगावाहून सही धाडली. माही बाकी आहे. देईन म्हणते, घाई कायची.

बाकी गावात गंमत चालू आहे. आपल्या शेताले लागून किसनरावाचं शेत, तुले आठवत असंन. माणसाच्या केसाचा वास आला की डुक्कर येत नाही, म्हणून त्यानं घाटंजीच्या उकंडा न्हाव्याकडचे सारे केस पोत्यात भरून आणले अन् धुऱ्यानं, साऱ्या बांधावर, पसरले. मग डुकरं तिकून वळून आपल्या शेतात आली, पेरलेली सरकी उकरून गेली. रवी गेला उकंड्याकडे केस मांगाले, तर तो म्हणे दिवाळीपर्यंतचे केस किसनरावानं सांगून ठेवले. किसनराव तिथंच दाढी करत बसला होता. तो म्हणे, रव्या, दुसऱ्याचे कायले मांगतं, आपले टाक, अन् मग रवीच्या टकलाकडे पाहून राहू दे म्हणाला. दुकानभर लोक हासले. रवी म्हणे, बंदूक हाती येऊ दे, पयले किसनरावाले पाहतो, डुकराचं मग. ते ऐकून लोक अजून हासले. मले सांगलं तवा मीबी लय हासली.

पोटभर जेवत जाजो. माया पातळ करू नको.
तुही आजी

२८ ऑगस्ट २००४

आदरणीय आजीस उर्वशीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी माझ्या प्राध्यापक मॅडमना वाचून दाखवलं. शेजाऱ्याचा जबाब आणि आईची सही ऐकून त्यांनी दोनदा विचारलं, खरंच का. इथे पुष्कळ राज्यांत दुकानात ओळखपत्र दाखवायचं, अर्ज भरायचा, दुकानदार फोनवरून नाव तपासून घेतो, आणि बऱ्याचदा माणूस त्याच दिवशी बंदूक घेऊन घरी जातो. आईला कुणी विचारत नाही. काही राज्यांत थोडे दिवस थांबवतात, काही ठिकाणी परवाना लागतो. कुठल्या कायद्याने किती फरक पडतो तेच मी शोधते आहे, आणि उत्तर सरळ हाती येत नाही.

पण एकाच माणसाने अनेकांवर गोळ्या झाडल्या अशा ज्या घटना मी वाचल्या, त्यांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. बहुतेक पुरुषच. नुकताच अपमान झालेला, किंवा हातचं काही गेलेलं. एकच राग धरून बसलेला. बंदूक बहुधा रीतसर घेतलेली. आणि आधी कुणाजवळ तरी बोललेला.

आता आणखी एक, आईला सांगू नकोस. गेल्या मंगळवारी आम्हाला ग्रंथालयात चार तास कोंडून ठेवलं होतं. एका विद्यार्थ्याच्या गाडीत बंदुका सापडल्या. त्याला वेळेवर पकडलं, कुणाला काही झालं नाही. मी टेबलाखाली बसून माझेच तक्ते वाचत होते. त्याने आठवडाभर आधी खोलीतल्या मित्राला सांगितलं होतं. मित्र म्हणतो, मला गंमत वाटली.

मी ठीक आहे. मामाच्या टकलाला माझा नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी उर्वशी

पिंपळदरी
१४ सप्टेंबर २००४

चि. उर्वशीस आजीचा जयभीम. अ. उ. आ.

ते टेबलाखालचं मी चार डाव वाचलं. तुह्या आईले सांगलं नाही. मग दोन दिवस हात लावू तिथं भाकर करपून राह्यली.

तिसऱ्या दिवशी रवी जेवाले बसला होता. मी समोर बसून तुहं लिहिलेलं त्याले लावून पाह्यलं. पुरुष, व्हय. अपमान झाला, व्हय, तोबी दुकानभर लोकांत. सरकी गेली ते आणखी, अन् कापसाच्या भावानं मागच्या साली रडवलं ते वेगळंच. राग एकच, सकाळी उठला की किसनराव अन् झोपला की किसनराव. बंदूक रीतसर, अर्ज तर केलाच आहे. बोलून दाखवलं, व्हय, अन् मी हासली. पाचपैकी पाच. शाळेत त्याले एवढे मार्क कधी पडले नाही.

रवी वाईट नाही. कोंबडी कापाची असली तर शेजारच्या गुलाम नबीले बोलावते, स्वतः गोठ्यामागं जाऊन उभा राह्यते. पण त्या पोराच्या मित्रालेबी तो पोरगा वाईट वाटला नसंन.

काल जमादार आला. शेजारी कोण म्हणून इचारलं. रवी गुलाम नबीचं नाव सांगत होता, तो घराचा शेजारी. मी मधात बोलली. म्हटलं साहेब, बंदूक शेतासाठी मांगतो, तर शेताच्या शेजाऱ्याले इचारा. जमादाराले पटलं. किसनरावाचं नाव लिहून घेतलं अन् आठ दिवसांनी येतो म्हणून गेला. रवीनं माह्याकडे असं पाह्यलं की मी चहा ठेवाले आत गेली.

तिकडे दाराजवळ बसत नको जाऊ. नातीवरचा जीव कमी होत नाही, म्हणून लिहिलं.
तुही आजी

पिंपळदरी
२७ सप्टेंबर २००४

चि. उर्वशीस रवीमामाचा जयभीम व आशीर्वाद. पत्रास कारण की,

तू काय लिहून धाडलं ते तुले मालूम. बुढी मी जेवत असलो की माह्याकडे पाहून बोटं मोजते. पाच झाले की उसासा टाकते. घास गिळल्या जात नाही.

किसनरावाच्या घरी मी तीन दिवस नुसता समोरून जाऊन आलो. चौथ्या दिवशी त्यानंच हाक मारली. म्हणे टकलाचं बोललो ते चुकलंच, पण तूबी मले गोळी घालाची भाषा केली. मी म्हटलं रागात गेली तोंडातून. चहा झाला. अर्धं पोतं केस देले त्यानं. जमादारासमोर माही अशी तारीफ केली की मलेच लाज वाटली. म्हणे हा माणूस बैलावरबी हात उचलत नाही. आता तर त्यालेच घाई झाली आहे, कारण डुकरं केसाले सरावली अन् त्याच्याबी ज्वारीत शिरली.

सारे कागद झाले. अडलं ते तुह्या आजीच्या सहीवर. ती तुहंच ऐकते. दोन ओळी लिही. मामावर लोभ असंन तर लवकर लिही.
रवीमामा

पिंपळदरी
२२ ऑक्टोबर २००४

चि. उर्वशीस आजीचा जयभीम. अ. उ. आ.

मामाले तू कळवलं की आजीले मी काई सांगणार नाही, तिची सही तिची आहे. ते वाचून मी दिवसभर खुशीत होती. सही माही आहे हे मले आजवर कोणी सांगलं नव्हतं.

परवा जमादार कागद घेऊन आला. एका बाजेवर रवी अन् किसनराव मांडीले मांडी लावून बसलेले. किसनराव म्हणे, काकू, आमचं तर मिटलं, आता कायले अडवता. मी म्हटलं, मिटलं याचा मलेच सगळ्यात जास्त आनंद. पण तुमची दोस्ती महिन्याची. बंदूक घरात आली का माणसापेक्षा जास्त टिकते. पुढं कितीक डाव तुमचं बिघडंन अन् कितीक डाव मिटंन. मिटते तवा ती कोपऱ्यात राहीन. बिघडंन तवाबी त्याच कोपऱ्यात राहीन.

जमादारानं इचारलं, मुलावर काई तक्रार आहे काय. म्हटलं काई नाही, लाखात एक आहे, पण सही देत नाही. तो म्हणे नोकरीत वैऱ्याची हरकत लय डाव लिहिली, आईची पयल्यांदाच लिहून राह्यलो. मी म्हटलं नाव पुरं लिहा. बंदूक आता सरकारजमा होईन.

तवापासून रवी घरी जेवत नाही. किसनरावाकडे जेवते. किसनरावाच्या बायकोनं निरोप धाडला की तुमचा पोरगा चार भाकरी खाते, मी तिच्याकडे पीठ अन् लोणचं धाडलं. जेवून दोघं रस्त्यापलीकडं आपल्या दारासमोरच्या त्यांच्या ओट्यावर बसतात अन् मले नावं ठेवतात. बुढी हट्टी आहे म्हणे एक, दुसरा म्हणे पहिलेपासूनच. त्या दोघांचं एका गोष्टीवर असं जमलेलं गावानं कधी पाह्यलं नव्हतं. मी सुपारी कातरत ऐकत बसते. काल थोडं हळू बोलत होते, तर मी खाट अजून दाराकडे सरकवून घेतली.

कळावे. रागावलेल्या दोघांचीबी आई समज, अन् तुही आजी.
नलूबाई पंजाबराव मुनेश्वर