एकविसाव्या ओळीतून न दिसलेला कोपरा

मी, वाल्देमार एचेवेरी, वय एक्क्याऐंशी, निवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार मर्सेदेस, उरुग्वे, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहितो. कोणाचं दडपण नाही. दडपणाखाली आयुष्यात एकदाच सही केली, ती पुरे झाली.

१. घर मुलगा रुबेन याला. तो बार्सिलोनाहून येणार नाही, ठाऊक आहे. विकलंस तरी माझा राग नाही, बाळा.

२. सान रोके फुटबॉल क्लबचं पूर्व स्टँड मी आखलं. मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांपेक्षा बारा सेंटीमीटर वरून गेली, तरच जवळची सीमारेषा दिसते. अध्यक्ष फेर्मीन म्हणाला, "सहा कर. त्याच उंचीत आठ ओळी जास्त बसतात."

"दिसणार नाही कोणाला."

"लोक ओरडायला येतात रे. बघायचं असेल त्यांनी सिनेमाला जावं."

मी सही केली. शिवाय डोकी मोजली जानेवारीत, आमच्या भर उन्हाळ्यात, उघडी. सामने असतात थंडीत, आणि आमचं अर्धं गाव लोकरी बोइना टोपी घालून बसतं. ही चूक फेर्मीनची नव्हे, माझी.

३. माझी बायको ओल्गा एकविसाव्या ओळीत बसायची. बुटकी होती. पुढे ओमेरो पिंतोस, बोइनासकट. तिने एकदा टोपी काढायला सांगितलं, तर म्हणाला, "डोकंच काढून ठेवू का, ओल्गाबाई?" सत्त्याऐंशी साली रुबेनने आमच्या बाजूच्या कोपऱ्यातून कॉर्नर मारला आणि चेंडू थेट जाळ्यात गेला. सगळं स्टँड उठलं. ओल्गाने माझी बाही ओढली. "काय झालं रे? कोणी मारला?"

"आपल्या रुबेनने."

"चल, थापा मारू नकोस."

घरी तोर्ताच्या पुऱ्या तळताना म्हणाली, "सगळ्या गावाला बसवलंस, आणि आईला पोरगा दिसेना." हसत म्हणाली. ती जाऊन सहा वर्षं झाली.

४. बारा सेंटीमीटरचा माझा मूळ नकाशा नव्या पश्चिम स्टँडसाठी क्लबला द्यायचा होता. गेल्या मंगळवारी तिथे काँक्रीट ओतलं. मी जाऊन पायरी मोजली, हिशेब केला. सहाच. फेर्मीनचा मुलगा आता अध्यक्ष आहे. मोठ्या कौतुकाने म्हणाला, "तुमचाच पूर्व स्टँडचा नकाशा वापरला, डॉन वाल्देमार. खाली तुमची सहीसुद्धा आहे."

सबब तो नकाशा कोणालाच देत नाही. माझ्या शवपेटीत ठेवून माझ्यासोबत पुरून टाकावा.

५. रुबेन, कधी आलासच तर सामन्याच्या दिवशी आईच्या जागेवर बस. उठू नकोस. तिला काय दिसायचं ते तुला कळेल.

मर्सेदेस, ९ जुलै २०१९
वाल्देमार एचेवेरी

ही सही आमच्या डोळ्यांसमोर झाली:
१. नेली बेंतांकोर, शेजारीण
२. ओमेरो पिंतोस, विसावी ओळ. (सही करताना याने बोइना काढून मांडीवर ठेवली. मी सांगितलं नव्हतं. वा. ए.)