भुरीचं कोकरू

४ फेब्रुवारी १९९६, वरकुटे

दूध थांबत नाही! बारामतीच्या दवाखान्यात बाळ मेलेलंच जन्मलं, आई-आबांनी मला माहेरी आणलं, आणि अंगाला अजून पत्ताच नाही. दूध बंद व्हायच्या गोळ्या दिल्यात. पाकीट फोडवत नाही.

ज्या हार्मोनमुळे दूध येतं, त्याच्याच जनुकावर माझं पुण्यातलं काम — म्हैस, शेळी, मेंढी, कुणाचं कुठं जुळतं, कुठं बदलतं. म्हशीच्या जनुकाचं तर अक्षर न् अक्षर पाठ. काय उपयोग!

६ फेब्रुवारी

भुरी मेंढीचं कोकरू मेलं. आबांनी त्याचं कातडं काढून एका पोरक्या कोकरावर बांधलं. भुरीनं हुंगलं, आपलंच समजून पाजलं. मी बघतच राहिले. आई म्हणाली, "आत ये. नगं बघू."

१० फेब्रुवारी

पुण्याहून सरांचा फोन. म्हैस, शेळी झाली; मेंढीवाचून प्रबंध अडलाय. ते हार्मोन मेंदूखालच्या ग्रंथीत बनतं; तीच हवी, दुभत्या मेंढीची, ताजी. लगेच गोठवली नाही तर जनुकाची नक्कल निघत नाही. जनावरांच्या दवाखान्यातून गोठवायला द्रव नायट्रोजनचं भांडं आणलं, इंदापूरला खाटकाकडे गेले. तो हसला — "दुभती मेंढी कोन कापतंय, बाई?"

जेवताना सहज बोलले. आबांनी एवढंच विचारलं, "किती ताजी लागती?"

११ फेब्रुवारी

सकाळी आबांनी हाक मारली. गोणपाटावर भुरीचं डोकं.

जन्मात दुभती मेंढी कापली नव्हती त्यांनी! मी ओरडले, "आबा, हे काय केलंत?"

"बाकीच्या गाभन हायत. हीच दुदाची व्हती." मग खाली बघत, "पोर गेलं तुजं. काम तरी जगू दे."

ग्रंथी काढली. शेंगदाण्याएवढी. नायट्रोजनमध्ये टाकली. हात जराही थरथरले नाहीत — त्याचाच राग येतोय. आबांवर रागावता येत नाही. रडून घेतलं.

१२ फेब्रुवारी

कोकरू ओरडतंय. शेळीला लावलं तर तिनं लाथ मारली. बाटली तोंडात धरत नाही. गाईचं दूध नाकातून बाहेर. आबा म्हणतात, "न्हाय टिकत आता." अंगावर अजून ते मेलेल्याचं कातडं.

१३ फेब्रुवारी

कातडं सोडून टाकलं. वाटीतल्या दुधात बोट बुडवून तोंडात दिलं. चोखलं! पुन्हा दिलं, पुन्हा चोखलं.

दूध माझं होतं. आई दारातून बघत होती. मग आत गेली आणि दुसरी वाटी घेऊन आली.