नवसाच्या लेकराला सरकारी हाताने पट्टा बांधून मिळणेबाबत

प्रति,
मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी साहेब,
जालना.

अर्जदार : रामप्रसाद कारभारी लहाने, रा. अंबड, जि. जालना.

विषय : मुलाच्या जावळास पिंपळगाव रेणुकाई येथे जाताना गाडीतील आसनाचा पट्टा आपल्या हस्ते बांधून मिळणेबाबत.

संदर्भ : १) रस्ता सुरक्षा कार्यक्रमात माझ्या पत्नीने हात पुढे करून घेतलेली शपथ.
२) माझ्या आईने रेणुकामातेस बोललेला नवस.

महोदय,

वरील दोन संदर्भांच्या मध्ये मी सापडलो असून सविनय अर्ज करतो की,

१) लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मला मुलगा झाला. नाव पार्थ. त्याकामी आई उषाबाई यांनी नवस केला होता की, "लेकरू दे. तुझ्या दारी जावळ काढीन, अन् तोवर माझ्या घरचा कोणताच हात त्याला बांधणार न्हाई." त्याचा करदोडासुद्धा शेजारच्या सगुणाबाईने बांधला आहे.

२) पत्नी श्रद्धा शिक्षिका आहे. मूल मांडीवर घेऊन गाडीत बसणार नाही, अशी शपथ तिने घेतली व त्याच आठवड्यात पट्ट्याची लहान खुर्ची आणली. पार्थ त्या खुर्चीत बसला तरच गाडी हलेल, असे तिचे म्हणणे आहे.

३) पट्टा लावणे म्हणजेही बांधणेच, असे आईचे म्हणणे. सबब जावळ अडले. मामाने शिवलेले अंगडे दोनदा आखूड झाले. गल्लीतल्या पोरी पार्थच्या वेण्या घालतात. परवा कासाराने त्याला बांगड्या दाखवल्या. एसटीने जाऊ म्हटले तर आई म्हणते, "दारात गाडी असून देवीकडं एसटीनं? लोक तोंडात शेण घालतील!"

४) अखेर गेल्या आठवड्यात मंगळवारी पत्नी शाळेत असताना मी आईचे ऐकले. मूल तिच्या मांडीवर दिले व खुर्चीत नारळांची पिशवी पट्टा लावून ठेवली. राजूरच्या अलीकडे शेळी आडवी आली. मी ब्रेक मारला. नारळ जागचे हलले नाहीत. पार्थ आईच्या हातातून निसटून खाली आपटला. क्षणभर तो रडलाच नाही. मग त्याने भोंगा पसरला, तेव्हा मीही रडलो. कपाळाच्या टेंगळावर निभावले. तिथूनच माघारी फिरलो. घरी आल्यावर पत्नीने पार्थला उचलून घेतले व त्या दिवसापासून आईसोबतचा चहा बंद केला.

५) आता आईचे मत बिलकुल पालटले आहे. "नारळाला बांधलं अन् लेकराला मोकळं सोडलं, माझी अक्कल कुठं गेल्ती?" असे ती स्वतःच म्हणते. परंतु नवस तो नवस. घरचा हात चालणार नाही. सगुणाबाई म्हणते, "धागा असता तर बांधला असता. कायद्याच्या पट्ट्याला मी हात लावणार नाही, उद्या कोर्टात कोण उभे राहील?" त्यावर आईने तोडगा काढला : "ज्याचा कायदा त्यालाच बोलाव. सरकार काय आपल्या घरचं न्हाई."

६) तरी येत्या मंगळवारी सकाळी आपण आमच्या घरी येऊन पट्टा बांधून द्यावा. मूल वाटेत लघवीला उतरणारच. पुन्हा बांधणार कोण? म्हणून आपणास पिंपळगावपर्यंत सोबत यावे लागेल. पुढची शीट आपली. पुरणपोळीचे जेवण आहे. नोकरीच्या नियमात जेवण बसत नसल्यास प्रसाद समजावा.

७) परतीस आपणास तसदी नाही. नवस फिटलेला असेल व पट्टा आई बांधणार आहे. त्यासाठी ती रोज दुपारी खुर्चीत नारळ बसवून सराव करते. काल पहिल्यांदा खटका बराबर लागला. तिने पत्नीला हाक मारली. पत्नीने पट्टा ओढून पाहिला व मान डोलावली. त्या मंगळवारनंतर दोघी प्रथमच सोबत चहाला बसल्या.

नारळाचे काम झाले आहे. लेकराचे तेवढे आपण करावे.

आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र
(सही)
रामप्रसाद कारभारी लहाने
अंबड, दि. १२ फेब्रुवारी २०२६

सोबत : मुलाचा फोटो (वेण्या आहेत, पण मुलगाच आहे).